आमचा त्रास केसपेपरवर लिहून घ्या

प्रति,
मा. आयुक्त, आरोग्य सेवा, महाराष्ट्र राज्य,
मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य,
आणि मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत दवाखाना चालवणारी सर्व डॉक्टर मंडळी

विषय : दीर्घकालीन थकव्याच्या आजारात स्टेरॉइडमुळे होणारे दुष्परिणाम आणि त्यांची कोठेही नोंद न होणे.

महोदय,

मी बीड जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत प्राथमिक शिक्षिका आहे. हे पत्र मी सलग लिहिलेले नाही. अंथरुणावर पाठीशी उशी लावून दिवसाला वीस मिनिटे, आणि एखाद्या दिवशी अर्धा तास झाला तर पुढचे दोन दिवस काहीच नाही, असे करत ते पुरे व्हायला सहा आठवडे लागले. एवढा खटाटोप करण्याचे कारण दोन महिन्यांपूर्वी घडले.

आमच्या भागातील एका सरकारी रुग्णालयात मी त्या दिवशी गेले होते. माझ्याकडे माझी सगळी फाइल होती, आजाराचे निदान करणाऱ्या तज्ज्ञांची चिठ्ठी होती, आणि स्टेरॉइडमुळे मला काय काय झाले ते मी तारीखवार लिहून नेले होते. मला औषध नको होते. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद करण्याचा जो सरकारी फॉर्म असतो, तो मला भरून द्यायचा होता. असा फॉर्म आमच्याकडे येत नाही, असे खिडकीवर सांगण्यात आले. आत डॉक्टरांनी फाइल उघडली नाही. केसपेपरवर ‘अशक्तपणा, अंगदुखी’ एवढे लिहिले आणि त्याखाली, ज्या गोळीने माझे हे हाल झाले, तीच गोळी पाच दिवसांसाठी लिहून दिली. नाव वाचून मी सांगितले, की ही मला चालत नाही. “थोडी घेऊन तर बघा, तरतरी येईल,” असे उत्तर मिळाले.

तो केसपेपर माझ्याजवळ आहे. त्या डॉक्टरांचे किंवा रुग्णालयाचे नाव मी घेणार नाही, कारण बाहेर रांगेत शंभरावर माणसे होती आणि आत ते एकटे होते. चूक एका माणसाची असती तर हे पत्र लिहावे लागले नसते. एखाद्या औषधाने आपल्याला अपाय झाला हे सांगायला आलेल्या रुग्णाचे म्हणणे लिहून घेण्याची सोयच आमच्या व्यवस्थेत नाही, ही माझी तक्रार आहे, आणि ती मी सगळ्यांसमोर मांडते आहे.

आधी आजाराविषयी सांगते, कारण तो अनेकांना ठाऊक नाही. क्रॉनिक फटीग सिंड्रोम हे नाव १९८८ साली अमेरिकेत रूढ झाले. त्याच्या कितीतरी आधी, १९६९ साली, जागतिक आरोग्य संघटनेने मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस या नावाने त्याची नोंद मज्जासंस्थेच्या आजारांमध्ये केली होती. नावातल्या ‘थकवा’ या शब्दाने आमचा घात केला आहे. दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाईला थकवा येतो आणि तो रात्रीच्या झोपेने जातो. आमचा झोपेने जात नाही. उलट आठ तास झोपूनही आम्ही दळण दळून उठल्यासारखे उठतो. २०१५ साली अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने या आजाराचा सविस्तर अहवाल दिला. त्यात सहा महिन्यांहून अधिक काळ कामाची ताकद खूप घटणे, न ताजी करणारी झोप, विचारात आणि स्मरणात गोंधळ किंवा उभे राहिल्यावर त्रास, आणि या सगळ्यांच्या मध्यभागी एक खूण सांगितली : श्रमानंतर आजार वाढणे. हे वाढणे बहुतेक वेळा लगेच दिसत नाही. श्रम आज होतात आणि माणूस एका-दोन दिवसांनी, कधी तिसऱ्या दिवशी कोसळतो. ही शेवटची गोष्ट कृपया लक्षात ठेवावी, कारण स्टेरॉइडचा सगळा घोटाळा तिच्याशी जोडलेला आहे.

माझा आजार एप्रिल २०२१ मध्ये सुरू झाला. करोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्या घरातले पाचही जण आजारी पडले. मला चार दिवस ताप होता आणि ऑक्सिजन ९७च्या खाली कधीही गेला नाही, तरी त्या दिवसांत हातोहात फिरणाऱ्या चिठ्ठीप्रमाणे दुसऱ्याच दिवसापासून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू झाले. ज्या ब्रिटिश चाचणीने जून २०२० मध्ये या औषधाने जीव वाचतात हे दाखवले, तिनेच हेही दाखवले होते, की ज्याला ऑक्सिजन लावावा लागत नाही अशा रुग्णाला त्याचा फायदा होत नाही. यातले पहिले वाक्य आमच्या गावापर्यंत आले, दुसरे आले नाही. त्याच उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसने डोळा गेलेली, जबडा काढावा लागलेली माणसे आपण सर्वांनी पाहिली, आणि ताब्यात नसलेली साखर व बेसुमार स्टेरॉइड ही त्याची मोठी कारणे आहेत हे तेव्हा आपल्याच खात्याने गावोगाव सांगितले. साथ ओसरल्यावरही ती सावधगिरी टिकेल, असे मला वाटले होते.

ताप गेला, पण मी उठले नाही. शाळा पुन्हा भरू लागली तेव्हा फळ्यावर चार ओळी लिहून मला खुर्ची गाठावी लागे, आणि हजेरी घेताना रोजच्या मुलांची नावे आठवत नसत. रक्ताच्या तपासण्या ‘नॉर्मल’ येत गेल्या. सासूबाई प्रेमाच्या आहेत, पण त्याही म्हणायच्या, “काय की बाई, नजर लागली म्हणावं का काय, नुसती पडून राहायलीस.” अशा वेळी माणूस बरे करणाऱ्या कोणाच्याही दारात जातो. मीही गेले.

सप्टेंबर २०२२ ची गोष्ट. घटस्थापना आठ दिवसांवर आली होती आणि घरात दसरा काढायचा होता. गावातल्या एका दवाखान्यात मला कमरेत एक इंजेक्शन दिले, ‘ताकदीचे आहे’ असे सांगून. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला जाग आली तेव्हा अंगात त्राण होते. दीड वर्षानंतर पहिल्यांदा. त्या दिवशी मी नऊ गोधड्या हौदावर एकटीने आपटून धुतल्या, माळ्यावरचे डबे उतरवले, पितळेची समई आणि घागर चिंचेने घासून उन्हात ठेवली. रात्री झोप लागली नाही, तरीही काही वाटले नाही. डॉक्टरांच्या हाताला गुण आहे, हे सासूबाईंनी चार घरी सांगितले. तिसऱ्या दिवशी दुपारी मी न्हाणीत खाली बसले आणि मला उठता येईना. दोघींनी धरून आणले. घट बसले तेव्हा मी अंथरुणात होते आणि रोजची माळ बांधायला हात खांद्याच्या वर जात नव्हता. पाण्याचा तांब्या दोन हातांनी धरावा लागे. असे नवरात्राचे नऊ दिवस गेले आणि त्यानंतरचे सात आठवडे गेले.

त्या वेळी मला याचा अर्थ लागला नव्हता, आज लागतो. आमच्या आजारात शरीराला श्रमाची एक मर्यादा पडलेली असते आणि थकवा, दुखणे, डोक्यातला जडपणा हे ती मर्यादा जवळ आल्याचे सांगतात. स्टेरॉइड ती मर्यादा वाढवत नाही. मर्यादा ओलांडल्याची जाणीव मात्र ते दोन दिवस पुसून टाकते. त्या दोन दिवसांत बाई गोधड्या धुते, माणूस पेरणी उरकतो, पोरगी परीक्षेचा अभ्यास करते, आणि मग सगळे अंगावर येते. गुण दिसतो तो दवाखान्याच्या नजरेसमोर, पहिल्या-दुसऱ्या दिवशी. कोसळणे होते घरात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी, आणि तेव्हा रुग्णाच्या अंगात दवाखान्यापर्यंत जाण्याचीही ताकद नसते. त्यामुळे या इंजेक्शनने रुग्ण बरे होतात असे जे डॉक्टर सांगतात, ते खोटे सांगत नाहीत. त्यांना गोष्टीचा पूर्वार्धच दिसलेला असतो.

आमच्या गल्लीतली एक ऊसतोड करणारी बाई चिकुनगुनियानंतर अशीच खिळून पडली होती. मुकादमाची उचल घेतलेली, त्यामुळे कारखान्यावर जाणे भागच होते. निघण्याआधी तिने सुई टोचून घेतली. आठ दिवस नवऱ्याच्या बरोबरीने कोयता चालवला आणि पुढचा महिना ती तिथल्या झोपडीत, कोपीत, पडून राहिली. परत आल्यावर तिने मला विचारले, की दर पंधरवड्याला घेतली असती तर चाललं असतं का. तिला उत्तर देणारे कोणी हवे होते, म्हणून तिने एका आजारी शिक्षिकेला विचारले.

दिवाळीनंतर मला रोजची गोळी सुरू झाली. ती कागदाच्या पुडीत मिळायची : एक पांढरी, एक पिवळी, एक अर्धी. नाव विचारले की ‘ताकदीची’ हे उत्तर. पाच महिन्यांत चेहरा गोल झाला, तर बायका तब्येत सुधारली म्हणून कौतुक करू लागल्या. भूक वाढली, झोप उडाली, आणि घरात कोणालाही मधुमेह नसताना माझी साखर वाढली. मार्च २०२३ मध्ये भाचीच्या लग्नासाठी मी माहेरी गेले. पुडी दोन दिवसांची उरली होती, ती संपली. हळदीच्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधार येऊ लागला, आणि संध्याकाळी मी मांडवातच पडले. रुग्णालयात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की कोणत्या गोळ्या चालू आहेत. माझ्या भावाने पर्समधून पुडीचा कागद काढून दिला. त्या कागदावर पांढरी भुकटी होती, एकही अक्षर नव्हते.

त्या डॉक्टरांनी अंदाजाने ओळखले आणि मी वाचले. बाहेरून रोज स्टेरॉइड मिळत राहिले, की मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी आपले काम थांबवतात. मग ते एकाएकी बंद झाले, तर ताप, उलटी, दुखापत, शस्त्रक्रिया अशा कोणत्याही ताणात शरीराला लागणारे, याच ग्रंथींतून येणारे कॉर्टिसोल हे संप्रेरक मिळत नाही, रक्तदाब कोसळतो आणि जीव जाऊ शकतो. त्या रात्री मला वाचवले तेही स्टेरॉइडनेच, शिरेतून दिलेल्या हायड्रोकॉर्टिसोनने. म्हणून मी स्टेरॉइडच्या विरोधात नाही, हे स्पष्ट लिहिते. दम्याच्या झटक्यात, संधिवाताच्या काही प्रकारांत, ल्युपसमध्ये, ज्यांच्या ॲड्रिनल ग्रंथी मुळातच निकामी आहेत अशांसाठी ते जीवनदान आहे. १९४८ साली संधिवाताने जखडलेल्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिसोन दिले गेले आणि दोनच वर्षांत त्या कामाला नोबेल पारितोषिक मिळाले, ते उगीच नाही. हे पत्र वाचणाऱ्यांपैकी जे आज रोज अशी गोळी घेत असतील, त्यांनी हे वाचून ती स्वतःच्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांना विचारून, हळूहळू, आठवड्या-महिन्यांनी कमी करावी. माझी कमी व्हायला सव्वा वर्ष लागले.

आता कोणी म्हणेल, की या आजारात स्टेरॉइड देण्यामागे काही शास्त्र असेल. होते. या आजाराच्या काही रुग्णांत कॉर्टिसोल किंचित कमी आढळते, असे १९९१ पासून अभ्यासांत दिसत होते. तेवढे भरून काढावे, या हेतूने चाचण्या झाल्या. १९९८ साली अमेरिकेत ७० रुग्णांवर बारा आठवड्यांची चाचणी झाली. हायड्रोकॉर्टिसोन घेणाऱ्यांना किंचित बरे वाटले, पण त्यांच्यातल्या १२ जणांच्या ॲड्रिनल ग्रंथींचे काम मंदावले आणि लुटुपुटीची गोळी घेणाऱ्यांत असे एकाचेही झाले नाही. संशोधकांनी स्वतःच निष्कर्ष काढला, की हा उपचार म्हणून वापरण्याजोगा नाही. १९९९ साली लंडनमध्ये ३२ रुग्णांना फक्त ५ किंवा १० मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेत तेच औषध महिनाभर दिले, तेव्हा काहींचा थकवा कमी झाला, पण तो औषध चालू असेपर्यंतच. पुढे २००३ साली बेल्जियममध्ये १०० रुग्णांवर दोन प्रकारची स्टेरॉइड एकत्र देऊन पाहिली आणि फायदा दिसला नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या ऑक्टोबर २०२१ च्या मार्गदर्शिकेत तर असे स्पष्ट लिहिले आहे, की या आजाराच्या रुग्णांना औषधे इतरांपेक्षा कमी सोसू शकतात, म्हणून नेहमीपेक्षा कमी मात्रेने सुरुवात करण्याचा विचार करावा आणि ती सावकाश वाढवावी. ज्या आजारात परदेशात ५ मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन जपून मोजून दिले गेले, त्याच आजारात आमच्याकडे महिनोन्‌महिने प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आणि आठवडेच्या आठवडे अंगात राहणारी डेपो इंजेक्शने दिली जातात. ज्यांना हिशेब हवा असेल त्यांच्यासाठी : ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन म्हणजे २० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन. डेपो इंजेक्शन एकदा टोचले की परत काढता येत नाही, मग रुग्णाला सोसो वा न सोसो.

माझ्या तक्रारी आता मी एकेक मांडते.

पहिली तक्रार पुडीची. स्टेरॉइडच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, असा कायदा आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत औषधाचे मूळ नाव वाचता येईल अशा अक्षरांत लिहावे, असे सांगितले आहे, आणि रुग्णाने मागितल्यास त्याची कागदपत्रे ७२ तासांत द्यावीत, असेही. तरीही आमच्या तालुक्यातल्या बाजारगावात नाव नसलेली पुडी आजही बांधून मिळते, आणि मेडिकलमध्ये जुनी रिकामी पट्टी दाखवली की नवी हातात पडते. पुडीतले औषध काय आहे हे रुग्णाला ठाऊक नसेल, तर त्याचा दुष्परिणाम झाला हे तो कोणाला आणि कसे सांगणार?

दुसरी तक्रार अशी, की निदानाच्या आधीच स्टेरॉइड दिल्यामुळे निदानाची वाटच बुजते. दीर्घ थकव्याच्या मागे रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह, क्षयरोग, ब१२ जीवनसत्त्वाची कमतरता, ॲड्रिनलचा ॲडिसन रोग यांपैकी काही असू शकते आणि ते आधी तपासायला हवे. सकाळी आठच्या सुमारास रक्त घेऊन कॉर्टिसोल तपासतात. पण रुग्णाच्या अंगात आधीच स्टेरॉइड असेल, तर त्या आकड्यावर विसंबता येत नाही. लपलेला क्षयरोग स्टेरॉइडने डोके वर काढू शकतो, हे तर आपल्या विभागाला मी सांगायला नको. माझे निदान दीड वर्ष लांबले, कारण प्रत्येक नवीन डॉक्टरला आधी जुन्या पुडीचा परिणाम निस्तरावा लागला.

तिसरी तक्रार मला सगळ्यांत जास्त बोचते. फार दिवस स्टेरॉइड घेतले की मांड्यांचे आणि खांद्यांचे स्नायू अशक्त होतात. खाली बसलेल्या माणसाला आधाराशिवाय उठता येत नाही, जिना चढवत नाही. मी पाटावर बसून भाकरी थापत होते, तेथून उठताना भिंतीला हात लावावा लागू लागला. थकव्याच्या रुग्णाला असे झाले, की सगळे म्हणतात आजार वाढला, आणि आजार वाढला म्हणून गोळी वाढवतात. दम्याच्या रुग्णाला असे झाले तर निदान कोणी विचारेल तरी, की हे औषधाने झाले का. आम्हाला कोणी विचारत नाही, कारण आमचा आजारच ‘अशक्तपणा’ या एका शब्दात लिहिलेला असतो आणि औषधाने आलेली अशक्तता त्या शब्दात विरून जाते.

मन:स्थितीचेही तसेच. स्टेरॉइडने झोप उडते, चिडचिड होते, कधी उगाच उत्साह तर कधी घोर निराशा येते. मला त्या पाच महिन्यांत आली. चिठ्ठीवर ‘मानसिक’ असे लिहिले गेले. ते आधी होते की गोळीनंतर आले, हे कोणी तारखा लावून पाहिले नाही.

आणि मूळ तक्रार नोंदीची. भारतात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. त्याचे समन्वय केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे, वैद्यकीय महाविद्यालयांत त्याची केंद्रे आहेत, १८००-१८०-३०२४ हा विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे, आणि रुग्णाने स्वतः भरायचा फॉर्म मराठीतही केलेला आहे. त्यात आणखी एक मोलाची गोष्ट आहे : दुष्परिणाम त्या औषधानेच झाला हे रुग्णाने सिद्ध करावे लागत नाही. संशय पुरेसा असतो, पुढचे तपासणे तज्ज्ञांचे काम. म्हणजे आमच्यासाठी दार उघडे ठेवलेले आहे. पण आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात, गावातल्या मेडिकलमध्ये या दाराचा पत्ता मला कोणी सांगितला नाही, तो मला अंथरुणावर पडल्या पडल्या स्वतः शोधावा लागला. गोधड्या धुतलेल्या बाईची, कोपीत पडलेल्या बाईची, मांडवात पडलेल्या बाईची नोंद कोठेच नाही. मग या भागात स्टेरॉइडने कोणाला काही झाल्याचे आढळत नाही, असे कोणी म्हणाले, तर ते कागदावर खरेच ठरते.

माझ्या मागण्या साध्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेकींना नवा कायदा किंवा मोठा खर्च लागत नाही.

मराठवाड्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयात दुष्परिणामाचा मराठी फॉर्म केसपेपरच्या खिडकीवरच मिळावा. ज्याला लिहिता येत नाही त्याचे म्हणणे आशाताईंनी किंवा परिचारिकेने लिहून घ्यावे, आणि रुग्णाला पोच द्यावी. हे फॉर्म ठरलेल्या दिवशी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या केंद्राकडे जावेत. ही माझी पहिली मागणी आहे, आणि एकच मागणी मान्य होणार असेल तर हीच व्हावी.

अन्न व औषध प्रशासनाने नाव नसलेल्या पुड्या आणि चिठ्ठीविना विकली जाणारी स्टेरॉइड यांची तपासणी करावी. त्यात कोण सापडले हे जाहीर करण्याचा माझा आग्रह नाही. ते बंद व्हावे एवढाच आहे.

नुसत्या थकव्यासाठी, अंगदुखीसाठी, ‘तरतरी’साठी निदानाआधी स्टेरॉइड देऊ नये, असे परिपत्रक आरोग्य सेवेने काढावे. ज्यांना तीन आठवड्यांहून अधिक काळ स्टेरॉइड दिले जाते, त्या प्रत्येकाच्या हाती एक साधे कार्ड असावे, ज्यावर औषधाचे नाव, मात्रा, सुरू केल्याची तारीख आणि ‘एकाएकी बंद करू नये’ हे मराठीत लिहिलेले असेल. ब्रिटनमध्ये असे कार्ड अनेक वर्षांपासून देतात. माझ्या भावाच्या हातात त्या संध्याकाळी असे कार्ड असते तर डॉक्टरांना अंदाज करावा लागला नसता.

छत्रपती संभाजीनगर, अंबाजोगाई, लातूर आणि नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत महिन्यातून एक दिवस तरी दीर्घ थकव्याच्या रुग्णांसाठी बाह्यरुग्ण विभाग असावा. आमच्यातल्या अनेकांना एस.टी.त दीड तास उभे राहून जाणे शक्य नसते, आणि गेलो तर पुढचा आठवडा अंथरुणात जातो, म्हणून त्याच डॉक्टरांना ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवरून घरातून भेटता यावे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने या आजाराचा आणि त्यातल्या औषध न सोसण्याचा विषय डॉक्टरांच्या निरंतर प्रशिक्षणात घ्यावा.

गावोगावच्या डॉक्टर मंडळींना वेगळी विनंती आहे. तुमच्याशिवाय आमचे चालत नाही. रात्री-अपरात्री दार उघडणारे तुम्हीच आहात. पुढच्या वेळी असा रुग्ण इंजेक्शन घेऊन हसतमुखाने गेला, तर चौथ्या-पाचव्या दिवशी त्याच्या घरी एक फोन करून विचारावे, की आता कसे आहे. आणि एखादी बाई म्हणाली, की हे औषध मला सोसत नाही, तर तिचे ते वाक्य, आहे त्या शब्दांत, तारीख घालून केसपेपरवर लिहावे. पटले नाही तरी लिहावे.

या पत्राची एक प्रत मी दोन्ही आयुक्त कार्यालयांना पोच-पावतीसह टपालाने पाठवत आहे. सोबत तीन भरलेले फॉर्म जोडले आहेत : एक माझा, एक गल्लीतल्या त्या बाईचा, तिच्या संमतीने आणि तिच्या अंगठ्यासह, आणि एक माझ्या शाळेतल्या एका मुलाच्या आईचा. तिघींचे फॉर्म कोठे नोंदवले गेले, ते कृपया लेखी कळवावे. फोनवर फार वेळ बोलणे मला जमत नाही.

आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका,
जिल्हा बीड